निर्माल्य, दान आणि खत : नदीकाठच्या विद्यार्थिकार्याचा इतिहास आणि त्याची भाषा

पूजेनंतर उरलेल्या फुलापानांसाठी 'निर्माल्य' हा एकच तत्सम शब्द भारतीय भाषांत दूरवर पसरलेला आहे. त्या शब्दामागचा व्यवहार मात्र प्रदेशागणिक बदलतो. ओडिशात पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादाचा वाळवलेला भात 'निर्माल्य' म्हणून ओळखला जातो. भाविक तो घरी नेतात, मंगलकार्यात वापरतात आणि मरणासन्न माणसाच्या मुखी घालतात. केरळातील मंदिरांत पहाटे आदल्या दिवशीच्या फुलांसह आणि अलंकारांसह देवाचे जे पहिले दर्शन घडते, त्याला निर्माल्यदर्शन म्हणतात. एम. टी. वासुदेवन नायर यांनी १९७३ मध्ये पडझड झालेल्या एका देवळातील वेलिच्चप्पाडावर, म्हणजे अंगात देव येणाऱ्या सेवकावर, चित्रपट केला तेव्हा त्याला 'निर्माल्यम्' हेच नाव दिले. तेथे देवावरून उतरलेले फूल आणि समाजाने वापरून बाजूला सारलेला माणूस यांच्यात शब्दानेच नाते जोडले आहे. शैव परंपरेत शिवाचे निर्माल्य हा चंडेश्वराचा वाटा; सामान्य भक्ताने ते घ्यावयाचे नसते. उलट वैष्णव घरांत देवाच्या गळ्यातून उतरलेली तुळस प्रसाद म्हणून स्वीकारली जाते. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात 'घेण्याजोगे' आणि 'न घेण्याजोगे' असे दोन विरोधी भाव शतकानुशतके नांदत आलेले आहेत.

मराठी व्यवहारात निर्माल्याबाबतचा मुख्य नियम एकच : ते पायाखाली येता कामा नये. शिवमहिम्नस्तोत्राच्या कर्तृत्वाशी जोडलेली पुष्पदंताची कथा महाराष्ट्रातील पुराणिकांनी घरोघरी पोहोचविली होती. राजाच्या बागेतील फुले चोरणारा हा गंधर्व वाटेवर पसरलेले शिवनिर्माल्य नकळत ओलांडतो आणि अदृश्य होण्याची आपली शक्ती गमावून बसतो. या कथेतील भय फुलांच्या अपवित्रतेचे नसून त्यांच्या पावित्र्याचे आहे. म्हणूनच निर्माल्य केरात टाकले जात नसे. परसातील झाडाच्या बुंध्याशी, तुळशीवृंदावनाच्या कडेला किंवा वाहत्या पाण्यात ते सोडले जाई. यातील पहिल्या दोन वाटा शहरांतील वाडे जाऊन सदनिका आल्या तशा बंद झाल्या. परस गेले, झाडाचा बुंधा गेला. उरले वाहते पाणी. त्यात १९८० च्या दशकापासून पातळ प्लास्टिकच्या पिशवीची भर पडली. पुलावरून गाठ मारून सोडलेली पिशवी हे जुन्या आचाराचेच नवे रूप होते. ज्याला आज प्रदूषण म्हटले जाते त्याचा एक भाग श्रद्धेच्या शैथिल्यातून नव्हे, तर श्रद्धेने पाळलेल्या नियमातून आणि बदललेल्या घरांतून जन्माला आला, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना वारंवार विसरली जाते.

या पार्श्वभूमीवर गेल्या सुमारे तीन दशकांत महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे निसर्गमंडळ, राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक किंवा शाळेची हरित सेना दरवर्षी भाद्रपदात नदीच्या घाटावर उभी राहू लागली. त्यांच्या हाती झाडू, टोपल्या, फलक आणि 'निर्माल्य कलश' असे रंगविलेले पिंप असे. निर्माल्य पाण्यात जाण्यापूर्वी मागून घ्यावयाचे, निवडावयाचे आणि त्याचे खत करावयाचे, असे या कामाचे साधे स्वरूप. पाण्याच्या शुद्धीवरील उपाय म्हणून त्याचे मोल मर्यादितच राहिले. ते का, हे पुढे पाहावयाचे आहे. परंतु उरलेल्या वस्तूला कोणी हात लावावयाचा आणि तिला कोणत्या नावाने हाक मारावयाची, हे दोन्ही प्रश्न या कामाने सार्वजनिक केले. म्हणून त्याचा इतिहास हा काही अंशी एका शब्दसंग्रहाचा इतिहास ठरतो.

टाकाऊ द्रव्याचे खत करण्याचा विचार महाराष्ट्रात पर्यावरण हा शब्द रूढ होण्याच्या पुष्कळ आधी रुजला होता, आणि तो नदीच्या चिंतेतून आलेला नव्हता. तो अस्पृश्यतेच्या प्रश्नातून आला होता. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला, ही घटना सर्वश्रुत आहे. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास, मैल्याचे खत, गोबरगॅस, मृत जनावरांची विल्हेवाट असे प्रयोग चालविले. जातीने ज्यांच्यावर लादलेले नाही त्यांनी ते काम हातात घेतल्याशिवाय कामाची अप्रतिष्ठा जाणार नाही, अशी त्यामागील भूमिका होती. मराठीत मैल्याच्या खताला 'सोनखत' असा शब्द आहे. या एका सामासिक शब्दात किळस आणि किंमत यांची जी अदलाबदल झाली आहे, तीच पुढे निर्माल्याच्या बाबतीत वेगळ्या रीतीने घडावयाची होती. गाडगे महाराजांचा खराटा आणि तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतील ग्रामशुद्धीचा अध्याय यांनी झाडण्याच्या कृतीला कीर्तनाची आणि ओवीची भाषा दिली. घाटावर झाडू घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला, त्याला जाणीव असो वा नसो, ही भाषा आयती मिळालेली होती. तुलनेने पाहता अन्य देशांतील विद्यार्थी पर्यावरणमंडळांची भाषा विज्ञानाच्या किंवा निषेधाच्या परंपरेतून येते. मराठीत तिचा एक मोठा झरा संतपरंपरेतून आणि सत्याग्रही श्रमविचारातून आलेला दिसतो.

विद्यार्थ्यांच्या संघटित सहभागाची चौकट मात्र दिल्लीहून आली. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा तिच्यात सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास असा सेवेचा हिशेब तिने घालून दिला. या हिशेबाचा परिणाम पुढे घाटावरच्या कामावर झालेला दिसतो : निर्माल्यसंकलन हे तासांत मोजता येणारे, एका दिवसात दाखविता येणारे आणि अहवालात छायाचित्रासह मांडता येणारे काम होते. दुसरा प्रवाह स्वयंस्फूर्त मंडळांचा. १९७९ मध्ये दिल्लीच्या कड्यावरील जंगल, म्हणजे 'रिज', वाचविण्याच्या खटपटीतून शाळा-महाविद्यालयांतील काही मुलामुलींनी 'कल्पवृक्ष' हा गट स्थापन केला. १९८३ मध्ये या गटाने हिंदू कॉलेजच्या निसर्गमंडळासह नर्मदेच्या खोऱ्यात सुमारे पन्नास दिवसांचा अभ्यासदौरा केला आणि त्यातून नियोजित धरणांवरील आरंभीच्या टीकात्मक अहवालांपैकी एक लिहिला गेला. विद्यार्थ्यांचे निसर्गमंडळ नदीकडे कसे पाहू शकते याचा हा एक नमुना : चालणे, विचारणे, लिहिणे, आणि सत्तेला प्रश्न करणे. घाटावर टोपली घेऊन उभे राहणे हा त्याहून सर्वस्वी निराळा नमुना. पहिल्यात नदीचे दुखणे धोरणात शोधले जाते, दुसऱ्यात नागरिकाच्या हातात. शासनाला दुसरा नमुना अधिक सोयीचा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २००३ मध्ये न्यायालयाने त्यांचा पाठपुरावा केला आणि त्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू झाला. दरम्यान २००१-०२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शाळाशाळांतून इको क्लबांची योजना आणली. हिंदीत तिचे नाव 'राष्ट्रीय हरित कोर' असे झाले, महाराष्ट्रात मात्र 'राष्ट्रीय हरित सेना'. इंग्रजी शब्दाचा ध्वनी राखण्याऐवजी मराठीने 'सेना' निवडली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या महाराष्ट्रात या शब्दाला कोणते पडसाद होते हे सांगण्याची गरज नाही.

या सर्व योजनांतून मंडळे निर्माण झाली, अनुदाने मिळाली, प्रकल्पवह्या भरल्या. परंतु घाटावरच्या कामाला त्याची खरी वादभूमी मिळाली ती अन्य दिशेने. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली, 'विसर्जित गणपती दान करा' ही मोहीम चालविली. कोल्हापूर, सातारा, पुणे या भागांत महाविद्यालयीन विद्यार्थी हे या मोहिमेचे हातपाय होते. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर मूर्ती स्वीकारून त्या शहरातील इराणी खणीत विसर्जित करण्याची प्रथा पडत गेली. योगायोगाची एक गोष्ट अशी की, डॉ. दाभोलकरांचे थोरले बंधू प्रा. श्री. अ. दाभोलकर कोल्हापुरातच 'प्रयोग परिवार' या नावाने शहरी काडीकचऱ्यातून गच्चीवर शेती करण्याचे शास्त्र लोकांना शिकवीत होते. एका भावाने निर्माल्य नदीपासून अडविण्याचा युक्तिवाद दिला आणि दुसऱ्याने अडविलेल्या पाल्याचे काय करावयाचे त्याचे तंत्र. दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या.

युक्तिवादाची बांधणी पाहण्याजोगी आहे. समितीची प्रतिमा धर्मविरोधी अशी रंगविली गेली असली, तरी घाटावरील विनवणीत शास्त्राचाच आधार घेतला जाई. गणपतीची मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची. तिच्यात प्राणप्रतिष्ठेने देवत्व येते आणि उत्तरपूजेने ते परत पाठविले जाते. अक्षता टाकून मूर्ती जागेवरून हलविली की विधी पुरा झाला. त्यानंतर जे पाण्यात जाते ती माती. तेव्हा मूर्ती पाण्याला लावून दान करण्यास हरकत ती कोणती? विद्यार्थी हे वाक्य दिवसातून शेकडो वेळा, कधी अजीजीने तर कधी पाठांतराच्या सुरात, काका-मावशी असे संबोधून म्हणत. रसायनशास्त्र बहुधा फलकावर राही. तोंडी येई ती उत्तरपूजा. विज्ञानाच्या प्रसारासाठी कर्मकांडाच्या अंतर्गत तर्काचा असा उपयोग ही मराठी प्रबोधनाची जुनी रीत आहे. पुनर्विवाहाच्या वादात शास्त्रार्थ काढणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील सुधारकांशी तिचे नाते सरळ लागते.

विरोधही शब्दावरूनच झाला. धर्मनिष्ठ संघटनांचा आक्षेप होता की दान हे मनुष्याने आपल्या मालकीच्या वस्तूचे करावयाचे असते. देवाचे दान कोण करणार? हा आक्षेप भाषिक दृष्ट्या दुबळा नव्हता. 'विसर्जन' आणि 'सर्जन' हे दोन्ही शब्द सृज् या एकाच धातूचे : सोडणे आणि निर्माण करणे तेथे एकमेकांत मिसळलेले आहे. 'दान' या शब्दात देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष उभे राहतात आणि देणाऱ्याच्या पदरी पुण्य पडते. विसर्जनात घेणारा कोणीच नसतो. मोहिमेने लोकांना पुण्याचे आश्वासन दिले खरे, पण त्यासाठी विधीचा अर्थ बदलला. पुढे महानगरपालिकांनी हेच काम हाती घेतले तेव्हा फलकांवर 'मूर्तिदाना'च्या बरोबरीने 'मूर्ती संकलन केंद्र' असे कोरडे, प्रशासकीय शब्द आले. वाद काहीसा शमला. शब्दातील ऊबही गेली. निर्माल्याच्या बाबतीत असा संघर्ष जवळजवळ झाला नाही. 'कलश' या शब्दाने ते काम सोपे केले होते. कचऱ्याच्या पिंपाला मंगल पात्राचे नाव देताच पिशवी त्यात पडू लागली. निर्माल्य केरात टाकू नये हा नियम तसाच पाळला गेला आणि ते नदीतही गेले नाही.

दिल्लीतील यमुनेचे उदाहरण याच्याशेजारी ठेवून पाहावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये यमुनेत पूजासाहित्य टाकणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठोठावण्याचा आदेश दिला. त्या आदेशातील योजनेचे नाव होते 'मैली से निर्मल यमुना'. निर्मल आणि निर्माल्य हे शब्द येथे समोरासमोर उभे राहिले, आणि निर्माल्य 'मैल' ठरले. दंडाची भाषा आणि दानाची भाषा यांत कोणती अधिक परिणामकारक याचा निवाडा सोपा नाही. परंतु दंडाच्या भाषेत भाविकाशी संवाद उरत नाही, हे उघड आहे. कोलकात्यात परंपरेनेच एक तिसरी वाट ठेवली होती. दुर्गामूर्तीच्या आतला बांबू-लाकडाचा सांगाडा, 'काठामो', विसर्जनानंतर पाण्यातून काढून आणावयाचा, पुढील वर्षी रथयात्रेच्या दिवशी त्याची पूजा करावयाची आणि त्यावरच नवी मूर्ती उभारावयाची, असा प्रघात अनेक घरांतील पूजांत आहे. महाराष्ट्रातही विसर्जनस्थळाची मूठभर माती किंवा वाळू पाटावर घालून घरी आणतात. खड्यांच्या गौरी ज्या पाण्याकाठून येतात त्याच पाण्याकडे परत जातात. पुन्हा वापरणे ही कल्पना बाहेरून आणावी लागली नाही. बाहेरून आला तो केवळ तिचा शब्द, आणि तोही नीट बसलेला नाही : हिंदीने 'पुनर्चक्रण' स्वीकारले, मराठी 'पुनर्वापर' आणि 'पुनर्प्रक्रिया' यांत घुटमळते, आणि बाजार अजूनही 'रद्दी' आणि 'भंगार' या आपल्या शब्दांवर ठाम आहे.

घाटावरून निर्माल्य उचलल्यानंतर काय होते, याकडे उत्साही वृत्तांतांचे सहसा लक्ष जात नाही. पिशव्या उघडल्या की त्यांतून दूर्वा, जास्वंद, केवडा, शेवंती, पत्री यांच्याबरोबर सुतळी, हाराचा दोरा, कापराच्या पुड्या, अगरबत्तीच्या काड्या, थर्माकोलचे तुकडे, काचेसह देवांच्या तसबिरी, नारळ आणि नाणी निघतात. हाराचा दोरा हा सर्वांत चिवट शत्रू. फुलातून तो ओढून काढणे हे हातानेच होणारे काम आहे. राहिलेला ओला पाला तसाच ढिगात ठेवला तर कुजून दुर्गंधी सुटते, म्हणून त्यात सुका पालापाचोळा मिसळावा लागतो. कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण तीसास एक असावे, असा कंपोस्टशास्त्राचा नियम आहे. शेणकाला किंवा जुने खत विरजणासारखे घालतात, ओल राखतात, ढीग वरखाली करतात. दीड-दोन महिन्यांत तपकिरी, मातीचा वास येणारे खत तयार होते. गणपतीची पत्री ही मुळात पावसाळ्यात रानोमाळ उगवणारी पाने असल्याने ती चांगली कुजते; फुलबाजारातून आलेल्या फुलांवरील कीटकनाशके हा अधिक अवघड प्रश्न आहे. पाण्यात पडल्यास हीच द्रव्ये कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू खातात. स्नानयोग्य पाण्यात असा प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हे भारतीय मानक. सारी गोष्ट कुजण्याच्या जागेची आहे : जमिनीवर कुजले तर खत, पाण्यात कुजले तर माशांच्या जिवावर.

परंतु विद्यार्थ्यांचा दिवस एक, आणि खताचे दिवस साठ. दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरींबरोबरचा आणि अनंत चतुर्दशीचा असे विसर्जनाचे चार-पाच दिवस घाट गजबजतो. त्यानंतर सत्र परीक्षा येतात, आणि ढीग वरखाली करण्याचे काम अनेक ठिकाणी पालिकेच्या कामगारांवर किंवा कचरावेचक स्त्रियांवर पडते. येथे अप्पासाहेबांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिचे मूळ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या कामात होते. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवू पाहणाऱ्यांनी त्यांच्या आयांबरोबर कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत जाऊन पाहिले आणि वर्गीकरणाचे महत्त्व तेथे शिकले. २००८ मध्ये या संघटनेतून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार केला. गणेशोत्सवात पुण्याच्या घाटांवर तिच्या सदस्य स्त्रिया आणि विद्यार्थी स्वयंसेवक शेजारीशेजारी निर्माल्य निवडताना दिसू लागले.

या शेजाराचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, आणि त्याचे गुणगानही सावधपणेच करावे लागते. कचरावेचक स्त्रिया बहुसंख्येने दलित समाजातील आहेत. त्यांच्या हाताला वर्षभर जो कचरा लागतो त्याला 'निर्माल्य' हे नाव मिळत नाही. विद्यार्थ्याच्या हाताला वर्षातून चार दिवस जे लागते ते देवावरून उतरलेले असते, हातमोजा चढविलेला असतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. एकच कृती, एकाची सेवा आणि दुसरीचे पोट. दलित आत्मकथनांच्या वाचकाला ही दरी नवीन नाही. तरीही चार-सहा तास एकाच ताडपत्रीवर बसून दोरे काढताना विद्यार्थ्याला दोऱ्याची खरी वाकबगारी कोणाच्या बोटांत आहे हे दिसते. वर्गात सहा महिन्यांच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाने जे साधले नाही ते येथे काही प्रमाणात साधले असावे.

नदीच्या दृष्टीने हिशेब मांडला तर चित्र उदास होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविले; त्यांपैकी ५३, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशातील संख्या ३११ वर आली, महाराष्ट्राची मात्र ५५ झाली. मुळा-मुठा काय किंवा पंचगंगा काय, या नद्यांवरील मुख्य भार हा शहरांच्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या पाण्याचा आहे, आणि तो वर्षाचे ३६५ दिवस वाहतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ पासून अस्तित्वात आहे. भाद्रपदातील पालापाचोळा त्या भारापुढे अल्प ठरतो. घाटावरील फलकांनी भाविकाला जेवढे जबाबदार धरले तेवढे नाल्याच्या तोंडाला धरले नाही. नर्मदेकाठी चालत गेलेल्या दिल्लीच्या मुलांचा नमुना येथे मागे पडला. काही निसर्गमंडळांनी पाण्याचे नमुने तपासून ते आकडे प्रसिद्ध करण्याचे धाडस केले, पण असे काम तासांच्या हिशेबात बसत नाही आणि त्याला पाहुणे मिळत नाहीत.

मूर्तींचा प्रश्न आणखी कठीण. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याच्या संयोगाने जिप्सम बनते आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काठाला लागलेल्या भग्न मूर्तींची वृत्तपत्रीय छायाचित्रे हा त्याचाच परिणाम. या छायाचित्रांनी लोकमानसावर जे केले ते कोणत्याही व्याख्यानाने केले नसेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळविण्याची रीत दिली. तीत चुनखडी तळाशी बसते आणि वर अमोनियम सल्फेट, म्हणजे एक खतच, उरते. २०१६ च्या सुमारास पुण्यात ही पावडर घरोघरी वापरली जाऊ लागली आणि घरातील बादली हेच विसर्जनस्थळ झाले. सोसायट्यांतून हे द्रावण गोळा करण्याचे काम पुन्हा विद्यार्थ्यांकडे आले. केंद्रीय मंडळाने २०१० मधील आपली विसर्जनविषयक मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० मध्ये सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी घातली. हैदराबादेत हुसेनसागरातील विसर्जनावरून २०२१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्या वर्षापुरती मुभा मिळाली. महाराष्ट्रात २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बंदीच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला; जूनमध्ये मूर्ती घडविण्यास वाट मिळाली, परंतु नैसर्गिक जलाशयांतील विसर्जन न्यायालयाच्या परवानगीवर राहिले; जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव सक्तीचे झाले. ज्या कल्पनेसाठी विद्यार्थ्यांना १९९० च्या दशकात घाटावर शिव्या खाव्या लागल्या होत्या ती तीन दशकांत शासननियम बनली. डॉ. दाभोलकर ते पाहावयास नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

या कार्याने निर्माण केलेले लेखन हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासाठी अद्याप जवळजवळ अस्पर्श राहिलेला विषय आहे. पथनाट्यांच्या संहिता, घोषवाक्ये, आरत्यांच्या चालींवर रचलेली पर्यावरणगीते, भित्तिपत्रके, महाविद्यालयीन नियतकालिकांतील विद्यार्थ्यांचे अनुभवलेख आणि सेवा योजनेचे वार्षिक अहवाल असे त्याचे प्रकार आहेत. यांतील अनुभवलेख विशेष लक्ष देण्याजोगे, कारण त्यांत विनवणीचे ठरीव वाक्य कोठे अडखळते ते दिसते : एखादी वृद्धा पिशवी देते पण हात जोडून फुलांची क्षमा मागते, एखादा गृहस्थ निर्माल्य देतो आणि मूर्ती मात्र स्वतःच पाण्यात सोडतो. असे लेख बहुधा दोन-तीन पानांचे असतात आणि त्यांचे लेखक पुढे काहीच लिहीत नाहीत. शोधावयास गेल्यास ते ग्रंथालयात क्वचित सापडतात; बहुतेक महाविद्यालयांत जुनी नियतकालिके आणि अहवाल काही वर्षांनी वजनावर रद्दीत जातात.